मुंबई–न्यूयॉर्क: अंतर साडेबारा हजार किमी, मग विमानाला सोळा तास का लागतात?

चहा_कमी_साखर

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटी आई-बाबा आमच्याकडे न्यू जर्सीला येतायत. पुण्याहून गाडीने मुंबई, तिथून थेट न्यूयॉर्क. बाबा आयुष्यभर हिशोब तपासत आले, त्यामुळे तिकीट हातात पडल्यापासून त्यांनी त्याचंही ऑडिट काढलंय.

त्यांचं म्हणणं असं: इंटरनेटवर अंतर १२,५३० किमी दिसतं. विमान ताशी ९०० ने जातं. भागाकार केला की चौदा तासांच्या आत पोहोचायला हवं. तिकिटावर मात्र जाताना सोळा तास आणि येताना त्याहून दीड-दोन तास कमी. अंतर तेच, विमान तेच, मग हा फरक कुणी खाल्ला?

त्यात दुसऱ्या एका साइटवर त्यांना हेच अंतर ७,७८६ दिसलं आणि तिसरीवर ६,७६६. आणि भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क मुंबईच्या सरळ पश्चिमेला असताना विमान वर आइसलंडच्या बाजूला कशाला जातं, हाही प्रश्न आहे. कंपनी रिक्षावाल्यासारखी लांबून फिरवून नेते असा त्यांचा पक्का संशय आहे. मी दोनदा समजावून पाहिलं, पण "तू कॉमर्सची, तुला काय कळतं" असं उत्तर आलं. इथल्या जाणकारांनी मदत करावी.


नकाशेवाला

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्यावर उभं आहे.

बाबांना शाळेतला पृथ्वीगोल आणायला सांगा. एक दोरा मुंबईवर धरा, दुसरं टोक न्यूयॉर्कवर, आणि घट्ट ताणा. दोरा आपोआप वर सरकेल. गुजरात, पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया, मग आइसलंड आणि ग्रीनलंडच्या बाजूने कॅनडा आणि तिथून खाली न्यूयॉर्क. गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता हाच. भूगोलात त्याला बृहद्वृत्त म्हणतात. या रस्त्याचं सगळ्यात उत्तरेकडचं टोक साधारण ६५ अंश अक्षांशावर येतं, म्हणजे नॉर्वे आणि आइसलंडच्या मधल्या समुद्रावर. गंमत म्हणजे मुंबईहून निघताना विमानाचं तोंड पश्चिमेकडे नसतंच, वायव्येच्याही थोडं उत्तरेला असतं.

भिंतीवरच्या नकाशात मुंबई ते न्यूयॉर्क पट्टी ठेवून रेघ मारली आणि विमान त्या रेघेवरून नेलं, तर प्रवास जवळपास १४,२०० किमी होईल. म्हणजे बाबांना जो सरळ रस्ता वाटतोय तोच सतराशे किमीने लांबचा आहे. सपाट नकाशात ध्रुवाकडचे प्रदेश ताणले जातात, त्यामुळे वरून जाणारा रस्ता वाकडा आणि लांब भासतो.

तीन आकड्यांचं कोडं सोपं आहे. १२,५३० हे किलोमीटर, ७,७८६ हे साधे मैल आणि ६,७६६ हे सागरी मैल. सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी, आणि वैमानिक त्यातच बोलतात. कुठे पाच-पंचवीस किमी इकडेतिकडे दिसले तरी घाबरू नका. कुणी पृथ्वी पूर्ण गोल धरतं, कुणी ध्रुवांपाशी किंचित चपटी धरतं, कुणी न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंत मोजतं तर कुणी शेजारच्या नेवार्क विमानतळापर्यंत.


खारट_शेंगदाणे

म्हणजे रिक्षावाला निर्दोष. हे पहिल्यांदाच ऐकतोय.


पेन्शनर_पार्ले

माझी एक शंका. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग अमेरिकेला जाताना न्यूयॉर्क उलट आपल्याकडे सरकत येत असणार. त्या न्यायाने जातानाचा प्रवास लवकर व्हायला हवा, आणि होतं उलटंच. आमच्या कट्ट्यावर यावरून दोन तट पडले आहेत.


उड्डाणकक्ष

काका, पृथ्वी फिरते तेव्हा हवाही तिच्याबरोबर फिरते. विमान त्या हवेतच उडतं. तसं नसतं तर आपण अंगणात उडी मारली की शेजारच्या गावात उतरलो असतो. तेव्हा कट्ट्यावरचे दोन्ही तट बाद.

पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण आडून. विषुववृत्तावरची तापलेली हवा ध्रुवांकडे सरकते, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे ती सरळ उत्तरेला न जाता पूर्वेकडे वळते. त्यामुळे मध्य अक्षांशांत वरच्या थरांमध्ये वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर त्यांचे अरुंद, वेगवान पट्टे तयार होतात. तेच जेट स्ट्रीम. हिवाळ्यात थंड आणि उबदार हवेतला फरक वाढतो तसा त्यांचा जोरही वाढतो. ताशी दीडशे-दोनशे किमी ही नेहमीची गोष्ट, कधी तीनशेच्याही वर जातात. प्रवासी विमानं नेमकी त्याच उंचीवर उडतात.

उदाहरण देतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी सहा-साडेसहा तास लागतात. जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. पेपरवाल्यांनी लगेच ध्वनीपेक्षा वेगवान वगैरे लिहिलं, पण विमान आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत नेहमीच्याच वेगाने चाललं होतं. हवाच त्याला घेऊन निघाली होती.

आता चहाताईंच्या बाबांचा भागाकार. त्यांच्या ९०० मध्ये फार चूक नाही. बोइंग ७७७ ध्वनीच्या वेगाच्या साधारण ८४ टक्के वेगाने जातं, त्या उंचीवरच्या थंड हवेत ते ताशी ८९० किमीच्या आसपास येतं. पण हा वेग हवेच्या तुलनेतला. जाताना सरासरी ५० किमीचा वारा समोरून असेल तर जमिनीवर हाती ८४० उरतात. येताना तोच वारा पाठीशी असेल तर ९४०. आता अंतर १२,९०० धरा (१२,५३० का नाही ते पुढे सांगतो). जाताना १५ तास २१ मिनिटं, येताना १३ तास ४३ मिनिटं. फरक पावणेदोन तासांच्या घरात आला की नाही?

शिवाय तिकिटावरची वेळ म्हणजे हवेतली वेळ नव्हे. विमान मुंबईच्या गेटवरून मागे ढकललं गेलं तिथपासून न्यूयॉर्कच्या गेटला लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. मुंबईत एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत आणि मोठी विमानं बहुतेक करून एकीवरूनच ये-जा करतात, तेव्हा रांग ठरलेली. जेएफकेला उतरल्यावर गेट मिळेपर्यंत अर्धा तास गेला तरी कुणी भुवई उंचावत नाही. त्यात चढताना आणि उतरताना वेग कमी. हे सगळं मिळून चाळीस मिनिटं धरा. सोळा तास पुरे झाले.


गणितवेडा

उड्डाणकक्ष यांचा प्रतिसाद उत्तम. त्यात एक भर.

लोकांना वाटतं की जाताना वाऱ्यामुळे जेवढा वेळ वाया गेला तेवढा येताना वसूल होतो. होत नाही. १२,५०० किमी अंतर धरा. वारा नसेल तर ९०० ने दोन्ही बाजू मिळून २७.८ तास. ताशी १०० चा वारा असेल तर जाताना ८०० ने १५.६ तास आणि येताना १,००० ने १२.५, एकूण २८.१. वारा दोन्ही वेळा सारखाच, तरी एकूण वेळ वाढला. कारण उलट्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ काढता. चहाताई, बाबांना हे सांगा, हिशोबनीस माणूस खूश होईल.


चहा_कमी_साखर

खूश? वही काढून बसलेत. धन्यवाद सगळ्यांना. रिक्षावाला हा शब्द त्यांनी मागे घेतलाय.

पण आता १२,५३० चे १२,९०० कसे झाले हे विचारतायत. "पावणेचारशे किमी म्हणजे पुणे ते कोल्हापूर जाऊन थोडं उरतं" असं म्हणाले. पुणे-कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे असेल, तेव्हा बरंच उरतं, पण ते सोडा.


उड्डाणकक्ष

कारण दोरा ताणून मिळालेला रस्ता कागदावरचा असतो. खाली देश असतात, आणि प्रत्येक देशाचं आकाश त्याच्या मालकीचं.

मुंबईहून वायव्येला निघालं की पहिला लागतो पाकिस्तान. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपलं आकाश बंद केलं, काही दिवसांत भारतानेही त्यांच्या विमानांना बंदी घातली. यापूर्वी २०१९ मध्ये बालाकोटनंतर फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत असंच झालं होतं. त्या वेळी २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटींचा फटका बसल्याचं सरकारने संसदेत सांगितलं होतं. थोडा वळसा पडला की इंधन, कर्मचाऱ्यांचे तास, विमानाचं पुढचं वेळापत्रक, सगळंच महाग होतं.

दुसरा मोठा तुकडा रशियाचा. युक्रेन युद्धानंतर २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना तिथून जाता येत नाही, भारतीय कंपन्यांना येतं. युनायटेड या अमेरिकन कंपनीने मार्च २०२२ मध्ये नेवार्क–मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को–दिल्ली ही थेट उड्डाणं थांबवली ती यामुळेच. म्हणजे एकाला पाकिस्तान बंद, दुसऱ्याला रशिया बंद. शिवाय इराण-इराकचं आकाश जून २०२५ सारखं अचानक बंद झालं तर वाटेतली विमानं मागे फिरवावी लागतात.

म्हणूनच रोजचा मार्ग रोज ठरतो. निघण्याच्या काही तास आधी वारा, वादळं, बंद आकाश, वजन, इंधन हे सगळं घालून मार्ग काढला जातो. आज विमान ग्रीनलंडजवळून गेलं म्हणून उद्याही तिथूनच जाईल असं नाही.

आणि इंधन हे काही अमर्याद नाही. ७७७-३०० ईआर या विमानाच्या टाक्यांत साधारण १,८१,००० लिटर मावतं आणि त्याचा पल्ला कंपनीच्या कागदांवर १३,६५० किमी. मुंबई–न्यूयॉर्कच्या १२,५३० मध्ये ऐसपैस जागा दिसते, पण त्यात उलटा वारा, वळसा, उतरायला जागा न मिळाल्यास दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याइतकं इंधन आणि कायद्याने सक्तीचा राखीव साठा हे सगळं बसवायचं असतं. कधी कधी माल कमी घेऊन विमान निघतं ते त्यामुळे. बरं, जास्तीचं इंधन घेतलं तर ते वाहून नेण्यातच त्यातलं बरंच जळतं.


गणितवेडा

वळशाचा हिशोब करून पाहिला. मुंबईहून आधी अरबी समुद्रावरून मस्कत गाठलं आणि तिथून पुन्हा दोरा ताणला, तर एकूण १२,९०० च्या आसपास येतं. म्हणजे मुंबईकरांना पाकिस्तान टाळण्याची किंमत फक्त पावणेचारशे किमी. अर्थात पुढचा रस्ता मोकळा मिळाला तर. इराण किंवा रशियालाही बगल द्यायची तर आणखी वाढेल.


दिल्लीवासी_मराठी

मुंबईकर नशीबवान म्हणायचे. आम्हाला दिल्लीहून पश्चिमेला निघायचं तर आधी राजस्थान-गुजरात करत खाली समुद्रापर्यंत यावं लागतं आणि मग वळावं लागतं. २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला निघालेली काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला थांबत होती. पुढे सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने दिल्ली–वॉशिंग्टन बंदच केलं.

पण दिल्लीच्याच बाबतीतला एक किस्सा या धाग्यात हवाच. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किमी. अटलांटिकवरचा रस्ता यापेक्षा सुमारे १,४०० किमीने जवळचा. तरी लांबच्या रस्त्याने विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, जवळच्या रस्त्याने जेवढा वेळ लागायचा त्याहून दोनेक तास आधी. सगळा वारा पाठीशी.


चहा_कमी_साखर

हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही. लांबचा रस्ता घेऊन लवकर पोहोचणं हे त्यांच्या तत्त्वात बसणार नाही.


फ्रीमाँटची_काकू

आमच्याकडचं अंतर याहून जास्त. मुंबई–सॅन फ्रान्सिस्को कागदावर साधारण १३,५०० किमी. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईहून थेट विमान सुरू झालं तेव्हा इथल्या मराठी मंडळात सण असल्यासारखं वातावरण होतं, कारण तोवर आई-वडिलांना फ्रँकफर्ट नाहीतर दिल्लीला विमान बदलताना बघून आमचा जीव टांगणीला लागायचा. पाकिस्तानचं आकाश बंद झाल्यावर त्याच विमानाला कोलकात्यात इंधनासाठी थांबावं लागलं.

पूर्वेकडून येताना घड्याळाची मजा होते. समजा मुंबईहून दुपारी अडीचला निघालात आणि सोळा तास लागले. हिवाळ्यात आमचं घड्याळ तुमच्यापेक्षा साडेतेरा तास मागे. म्हणजे इथे उतरता ते त्याच दिवशी संध्याकाळी पाचला. पॅसिफिकवर आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की एक तारीख परत मिळते. माझ्या सासूबाईंनी याचा अर्थ लगेच काढला की त्या दिवशी उपवास असेल तर तो दोनदा मोडला तरी चालतो.


खारट_शेंगदाणे

सासूबाईंना दंडवत _/\_


सिंहगड_रोड

जगातलं सगळ्यात लांबचं थेट विमान कोणतं मग? दुबई–अमेरिका का?


नकाशेवाला

नाही, सिंगापूर–न्यूयॉर्क. साधारण १५,३०० किमी, अठरा तासांच्या वर. सिंगापूर एअरलाइन्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये एअरबस ए३५०-९०० च्या खास लांब पल्ल्याच्या विमानाने नेवार्कला पुन्हा सुरू केलं आणि २०२० मध्ये जेएफकेलाही. त्या विमानात साधा इकॉनॉमी वर्गच नाही. ऑस्ट्रेलियाची क्वांटास सिडनी–लंडन थेट नेण्याच्या तयारीत आहे, ते १७,००० किमीच्या आसपास.

त्यापुढे फार जागा उरत नाही. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किमी, तेव्हा कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून २०,००० किमीपेक्षा दूर असूच शकत नाहीत.


पेन्शनर_पार्ले

तरुण मंडळींनी थोडं मागेही बघावं. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला गेलं. लॉकहीड कॉन्स्टेलेशन, नाव 'मलबार प्रिन्सेस', वाटेत कैरो आणि जिनिव्हा. तेव्हा पंख्याची विमानं. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि त्याच वर्षी एअर इंडिया लंडनमार्गे न्यूयॉर्कला पोहोचली. १९७१ मध्ये पहिलं जंबो आलं, 'एम्परर अशोका'. एअर इंडियाला मुंबई–न्यूयॉर्क विनाथांबा जायला २००७ उजाडावं लागलं.

माझे थोरले बंधू सत्तरच्या दशकात शिकायला गेले तेव्हा त्यांना सोडायला आम्ही सगळी चाळ घेऊन सांताक्रूझला गेलो होतो. लंडनला उतरून, पाय मोकळे करून, पुन्हा बसायचं. बंधूंच्या पत्रात अंतराचा उल्लेखच नव्हता, फक्त लंडनच्या विमानतळावर मिळालेल्या सँडविचबद्दल दोन पानं होती.


न्यूजर्सीकर

चहाताई, थेट तिकीट काढलंत ते छान. पण थांबा घेऊन येणाऱ्यांसाठी सांगतो. लोक समजतात दुबई किंवा लंडनमार्गे गेलं की अंतर फार वाढतं. वाढत नाही. मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क ११,००० मिळून १२,९३० किमी. मुंबई–लंडन ७,२०० आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५४० मिळून १२,७४०. लंडन जवळजवळ वाटेवरच आहे. वेळ जातो तो मधल्या विमानतळावर बसण्यात.

ज्येष्ठांसोबत थांबा घ्यावाच लागला तर अबू धाबीचा विचार करा. तिथे २०१४ पासून अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात चढण्यापूर्वीच होते. न्यूयॉर्कला उतरल्यावर रांग नाही, सामान घ्या आणि बाहेर. फक्त तिथे दोन विमानांच्या मध्ये पुरेसा वेळ ठेवा, नाहीतर तपासणीच्या रांगेत घामटं निघेल.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. चालता येतं म्हणून संकोच करणारे आई-वडील लांबलचक टर्मिनलमध्ये अर्ध्या वाटेत बसतात.


दवाखाना_बंद

जाता जाता चार गोष्टी. विमानातल्या हवेचा दाब समुद्रसपाटीवर असतो तेवढा नसतो. १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात, आणि कळसूबाई १,६४६ मीटर आहे. त्यामुळे दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. हवा कोरडी असते, पाणी पीत राहा. दर दीड-दोन तासांनी उठून फेरी मारा. पायांत रक्ताची गाठ होण्याचा धोका ज्यांना असतो त्यांनी घट्ट मोजे कोणते घालायचे तेही डॉक्टरांना विचारा.

मधुमेह असेल तर इन्सुलिन हातातल्या पिशवीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. खालच्या सामानात अजिबात टाकू नका, तिथे गोठून वाया जाऊ शकतं. सोळा तास आणि घड्याळात साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक, म्हणजे "रात्रीची गोळी" नेमकी कधी घ्यायची याचा गोंधळ होतो. डॉक्टरांकडून वेळा भारतीय घड्याळाप्रमाणे लिहून घ्या आणि आई-बाबांचं एक घड्याळ उतरेपर्यंत तसंच राहू द्या.


सिंहगड_रोड

अवांतर: लोणचं नेता येतं का? आमच्या मावशीच्या पिशवीतून उतरल्यावर कढीपत्ता काढून घेतला होता.


खारट_शेंगदाणे

ताजा पाला, फळं, बिया, मटण नाही. लोणच्याची बरणी खालच्या सामानात, फुटली तर बॅगेतल्या साड्या तुमच्या. आणि फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत का विचारलं तर हो म्हणायचं. यासाठी वेगळा धागा काढा, नाहीतर इथे थालीपीठ भाजणीपर्यंत पोहोचाल.


चहा_कमी_साखर

आता मुख्य प्रश्न. आई-बाबा रात्री दीडला मुंबईहून निघतायत. आम्ही विमानतळावर किती वाजता पोहोचायचं? तिकिटावर सकाळी आठ लिहिलंय. इथल्या मैत्रिणीच्या जुन्या तिकिटावर, तीच निघण्याची वेळ असताना, सात होतं. वेळापत्रक बदललं का?


उड्डाणकक्ष

वेळापत्रक बदललेलं नसावं, घड्याळ बदललं. मैत्रिणीचं तिकीट थंडीतलं असणार. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. भारताचं घड्याळ वर्षभर तेच, अमेरिकेचं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. म्हणून न्यूयॉर्कशी फरक उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा.

रात्री दीडमध्ये सोळा तास मिळवले की भारतात संध्याकाळचे साडेपाच. त्यातून साडेनऊ वजा केले की सकाळचे आठ, साडेदहा वजा केले की सात. आई-बाबा ऑक्टोबरात येतायत, म्हणजे आठ बरोबर.

पण आठला तिथे जाऊन उभं राहू नका. मोबाइलवर विमान जमिनीला टेकलेलं दिसलं की लोक घरून धावत निघतात आणि मग पार्किंगचे पैसे भरत बसतात. आठ ही गेटची वेळ. पुढे इमिग्रेशन, सामान, कस्टम्स. सकाळी भारत, आखात आणि युरोपातून आलेली विमानं एकत्र उतरली तर तास-दीड तास सहज जातो. व्हीलचेअर असेल तर रांग छोटी मिळते, पण व्हीलचेअर येईपर्यंत थांबावं लागतं. सव्वानऊच्या सुमाराला पोहोचा. आणि बाबांच्या फोनवर बाहेरचं रोमिंग निघण्याआधी सुरू करून घ्या.


चहा_कमी_साखर

धन्यवाद, हेच हवं होतं.

बाबांचा शेवटचा प्रश्न (असं तेच म्हणाले). परतीचं विमान एप्रिलमध्ये दुपारी बाराला सुटतं आणि मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला पोहोचतं. प्रवास साडेचौदा तासांचा असताना तिकिटावर बरोबर चोवीस तास कसे? आणि पुण्याला घरी किती वाजता पोहोचतील, म्हणजे शेजारच्या काकूंना दूध घेऊन ठेवायला सांगता येईल.


गणितवेडा

बारा अधिक साडेचौदा, न्यूयॉर्कच्या घड्याळात पहाटेचे अडीच. एप्रिलमध्ये फरक साडेनऊ तासांचा, म्हणजे भारतात दुपारचे बारा. चोवीसमधले साडेनऊ फक्त घड्याळाचे आहेत, बाबांनी ते जाताना वाचवले होते तेच परत द्यायचे.

सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत दीड वाजेल. पुढे पनवेल, घाट, वाकड. दूध संध्याकाळचं सांगा. एक्स्प्रेसवेला जेट स्ट्रीम नाही.